शेवटचा आकडा हलत नाही

प्रिय पम्या,

इतके महिने ना पत्र ना फोन, शिव्या घाल, पण आज लॅबमध्ये जे झालं ते घरी सांगितलं तर "बरं मग?" एवढंच ऐकायला मिळेल, म्हणून तुला लिहितोय. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू.

नवा सिग्नल जनरेटर आलाय, हवी ती फ्रिक्वेन्सी काढून देणारा डबा. दहा मेगाहर्ट्झ लावला, फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या काउंटरवर 10.0000000, शेवटचा आकडासुद्धा हलत नाही. साहेब खूश, पोरं फोटो काढतायत. मी मागे जाऊन बघतो तर जनरेटरच्या रेफरन्स आउटमधून, म्हणजे त्याच्या आतल्या क्रिस्टलचा ठोका बाहेर येतो तिथून, बीएनसी केबल थेट काउंटरच्या रेफरन्स इनमध्ये! म्हणजे पेपर लिहिणारा तोच आणि तपासणाराही तोच. आतला क्रिस्टल कितीही सरकू दे, दोघं मिळून सरकणार, आकडा तस्साच. केबल उपसली, काउंटर त्याच्या स्वतःच्या ओव्हनवर, म्हणजे गरम डबीत एकाच तापमानाला ठेवलेल्या क्रिस्टलवर, टाकला, तर सात हर्ट्झचा फरक. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मीच मशीन बिघडवलं.

आता सात हर्ट्झ म्हणजे 0.7 पीपीएम (दहा लाखात 0.7 भाग), आत टीसीएक्सओ, म्हणजे तापमानाचा परिणाम भरून काढणारा क्रिस्टल, आहे एक पीपीएमचा, म्हणजे मशीन बिचारं दिलेल्या हद्दीतच आहे, त्याच्यावर माझा राग नाहीच. पण तेच एक गिगाहर्ट्झला 700 हर्ट्झ होतात आणि डिस्प्ले मात्र हर्ट्झच्याही खालचे आकडे दाखवतो. स्टेप (दोन फ्रिक्वेन्सींमधली सगळ्यात लहान पायरी) बारीक म्हणजे फ्रिक्वेन्सी खरी, हे कुणी डोक्यात भरवलं यांच्या? आपला तो आकड्यांवरून लहर बनवणारा डीडीएसचा बोर्ड आठव, 125 मेगाहर्ट्झ क्लॉक, 32 बिट, स्टेप 0.03 हर्ट्झ, आणि ऑसिलेटरच्या डबीवर नुसतं बोट टेकवलं की आकडे पळायचे. तेव्हा "स्टेप बघ ना स्टेप" करत नाचत होतास तू, विसरलो नाहीये मी.

तर साहेब म्हणतात, केबल लाव परत, "फरक शून्य" लिही आणि सही कर. मी करत नाहीये. पण खरी गोची पुढेच आहे, काउंटर तरी कुणाच्या जिवावर खरा मानू? रोज रात्री मेन स्विच बंद करतात, ओव्हन थंड, सकाळी बराच वेळ आकडा घसरत राहतो, आणि परत तापलेला क्रिस्टल नेमका कालच्याच जागी येऊन बसेल असंही नाही. सात हर्ट्झ बहुतेक सगळे जनरेटरचेच आहेत, पण "बहुतेक"वर सही करायची? उपग्रहांच्या घड्याळांशी जुळवून चालणारा जीपीएसवाला रेफरन्स मागितला तर म्हणे खिडकीतून अँटेनाची वायर वाईट दिसते!

त्यात बंड्याला आपला म्हातारा जनरेटर भंगारात काढायचाय. तापेपर्यंत सरकतो, कबूल, पण कॅरिअरपासून, म्हणजे मुख्य फ्रिक्वेन्सीपासून, लांब त्याचा फेज नॉइज (सिग्नलच्या आजूबाजूला पसरणारी खरखर) अजूनही नव्यापेक्षा कमी आहे, रिसीव्हरचं ब्लॉकिंग (शेजारच्या जोरदार सिग्नलपुढे तो किती टिकतो ते) मोजायला नवा लावला की रिसीव्हरऐवजी जनरेटरचाच नॉइज मोजत बसतो आपण. बंड्याला हे सांगून उपयोग नाही, तुला माहितीये.

तुझ्याकडचा रुबिडियम, तो अणूवर चालणारा रेफरन्स, चालू आहे ना अजून? येत्या रविवारी नवा डबा आणि काउंटर दोन्ही घेऊन येतो, साहेबांची परवानगी मी काढतो. रुबिडियम शनिवारीच चालू करून ठेव, लॉकचा दिवा लागल्यावरही त्याला स्थिर व्हायला वेळ लागतो, दिवा लागला की झालं हे तुझं जुनं तुणतुणं मला ऐकवू नकोस. वहिनींचा गुडघा कसाय? लेकीच्या नोकरीचं कळलं, अभिनंदन सांग. आणि माझे दोन एन-टू-बीएनसी अडॅप्टर कधीपासून तुझ्याकडे पडलेत, ते शोधून ठेव, लागतील.

तुझा,
सुध्या