हॉलमधला माणूस

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आधी कामाचं. सोमवारपासून रात्रीच्या सोबतीला नर्सिंग ब्यूरोचे मामा येणार आहेत. ॲडव्हान्स भरून झालाय, तेव्हा आता 'नको' म्हणायची सोय नाही. बाबा, रागावू नका. तुमचं तुम्हाला होत नाही म्हणून नव्हे. त्या रात्री पडलात तेव्हा आईला एकटीला तुम्हाला उठवता येईना आणि मी इथे बर्मिंगहॅममध्ये नुसती फोन धरून, म्हणून. दादा नागपूरला, त्याच्या गुडघ्यांचं तुम्हाला ठाऊकच आहे. खर्चाचाही विचार केलाय. परवडतं.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणालात ना फोनवर? हेच मी तुम्हाला १९७३ साली ऐकवलं होतं, शाळेच्या डिस्कोला न्यायला येतो म्हणालात तेव्हा.

इथे इंग्लंडात, आपल्या वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये तेव्हा स्लेड हा बँड म्हणजे घरचा गणपती! आपल्याच भागातली पोरं, आणि मार्चमध्ये त्यांची रेकॉर्ड आल्या आल्या थेट पहिल्या नंबरवर. गुरुवारी टीव्हीवर गाण्यांचं 'टॉप ऑफ द पॉप्स' लागलं, टी. रेक्स बँडचा गायक मार्क बोलन गालाला चमकी लावून आला, की तुम्ही पेपराआडून विचारायचात, "बाई की बाप्या?" आई, तू मात्र स्लेडचा गायक नॉडी होल्डर याची आरशांची टोपी टक लावून पाहिलीस, कच्छी अभ्र्याचे आरसे उसवलेस आणि माझ्या काळ्या जाकिटाच्या कॉलरला एकेक करून टाचून दिलेस.

शाळेच्या हॉलमध्ये फरशीच्या पॉलिशचा वास, मुली एका भिंतीला, मुलगे दुसऱ्या. स्लेड लागलं आणि सगळेच पाय आपटायला लागले. माझ्या कॉलरचे ठिपके छतावर पळत होते. त्या रात्री "तू मूळची कुठली?" असं कुणी विचारलं नाही. "जाकीट कुठून घेतलंस?" असं विचारलं.

आणि बाबा, तुम्ही ड्युटी बदलून घेऊन फाटकापासून जरा पुढे, गाडीचे दिवे मालवून बसला होतात. मैत्रिणींना दिसू नये म्हणून. मला माहीत होतं हो. म्हणून तर बेधडक नाचले.

तसेच मामाही बाहेर हॉलमध्येच बसतील. हाक मारलीत तरच आत येतील. तुमचा रेडिओ, तुमची उशी, खिडकीची ती एक फट, कशाला कुणी हात लावणार नाही. आई, तुझ्या स्वयंपाकघरातही नाही. तू फक्त रात्रभर झोप.

आता ऐका. बाथरूमला आतून कडी लावायची नाही. पॅसेजचा दिवा रात्रभर चालू ठेवायचा, बिलाचं मी बघते. आणि त्या गुळगुळीत सपाता आजच्या आज फेका. पाय मुरगळेल म्हणून मला प्लॅटफॉर्मचे बूट घेऊ दिले नव्हतेत, आठवतंय ना? रबरी तळव्याच्या चपला पार्सलने येताहेत, त्याच घालायच्या. रंग जरा भडक आहे, चालवून घ्या.

मामा जेवून येतात. आई, उगीच पोळ्या लाटत बसू नकोस, चहा दिलास तरी पुरे. आणि बीपीची गोळी घेतलीत की मला मिस्ड कॉल द्या.

तुमची,
मनू