पाठीशी उभे राहा म्हणजे नेमकं काय करायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला गंभीर आजारी मुलांच्या आईवडिलांना आधार देण्याबद्दलचा लेख वाचला. काल दिवसभर डोक्यातून गेला नाही म्हणून आज लिहायला बसलोय. लेख चांगल्या मनाने लिहिलाय, त्याबद्दल वाद नाही. पण अख्खं पान वाचूनही शेजारच्या माणसाने उद्या सकाळी उठून काय करायचं हे कुठे सापडलं नाही. धीर द्या, सकारात्मक राहा, पाठीशी उभे राहा. अहो पण उभं राहून करायचं काय?

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडला जीबीएसचे पेशंट निघाले त्यात माझा सहा वर्षांचा भाचा होता. जीबीएस म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात. आधी जुलाब, ते थांबले, घरच्यांना वाटलं सुटलो, आणि मग एका सकाळी पलंगावरून उतरताना म्हणाला आई माझे पाय झोपलेत. संध्याकाळपर्यंत जिना चढता येईना, तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर. यावर आयव्हीआयजी देतात, म्हणजे शिरेतून द्यायचं अँटिबॉडीजचं महागडं औषध. त्याचा डोस वजनावर असतो, किलोला दोन ग्रॅम. आमचा गडी वीस किलोचा, म्हणजे चाळीस ग्रॅम, पाच ग्रॅमच्या आठ बाटल्या. त्या थंड ठेवायच्या होत्या, त्यामुळे बर्फाच्या डब्यात घालून रात्री अकरा वाजता मी त्या मेडिकलमधून मांडीवर धरून आणल्यात. शेवटी पैसे कसेतरी उभे राहिले, सगळ्यांनी दिले, त्याबद्दल कुणाला नाव ठेवायचं नाही.

मला बोलायचंय ते नंतरच्या दिवसांबद्दल. आयसीयूच्या बाहेर रोज दहा-बारा माणसं भेटायला यायची, हातात सफरचंद आणि नारळपाणी. पोराच्या नाकात नळी, खाणार कोण? बहीण दुपारी दोन तास घरी अंघोळीला जायची तर तिथेही कुणीतरी बसलेलं, मग ओल्या केसांनी चहा टाकायची. आणि निघताना प्रत्येकाचं एकच वाक्य, काही लागलं तर सांगा हं. ज्या बाईला आज वार कोणता ते कळत नव्हतं ती काय लागतंय ते आठवून, फोन लावून, संकोच गिळून तुम्हाला सांगणार? नाही सांगत कुणी.

बहिणीच्या मजल्यावरच्या एका काकूंनी हे वाक्य एकदाही म्हटलं नाही. रोज संध्याकाळी सात वाजता बारा पोळ्या आणि एक भाजी, स्टीलच्या डब्यात, पिशवी दाराच्या कडीला अडकवलेली. बेल नाही, चौकशी नाही. सकाळी रिकामा डबा कडीलाच, न घासता ठेवला तरी चालेल असं त्यांनी पहिल्याच दिवशी चिठ्ठीत लिहिलं होतं. दोन महिने. याला म्हणतात पाठीशी उभं राहणं.

आणि लेखात ज्याचा एका ओळीतही उल्लेख नाही ते म्हणजे घरातलं दुसरं मूल. माझी भाची दहा वर्षांची. तिचं गॅदरिंग होतं, घरात कुणाच्या लक्षातच नाही, तिनेही सांगितलं नाही. नाचाचा ड्रेस दप्तरात कोंबून एकटी गेली. त्याच काकूंना रिक्षाकाकांकडून कळलं तेव्हा त्या धावत जाऊन पहिल्या रांगेत बसल्या. हे मला पोरीने चार महिन्यांनी सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मी मामा, दिवसभर हॉस्पिटलात, आणि मला ती पोर दिसली नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

डिस्चार्ज झाला म्हणजे बरा झाला असं तुमच्या पेपरातही छापून येतं, ते कृपा करून थांबवा. बहुतेक मुलं सुधारतात हे खरं, पण त्याला महिने जातात. घरी आला तेव्हा आमच्या पोराला चिमटीत शेंगदाणा उचलता येत नव्हता. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी वाटीभर शेंगदाणे ठेवले आणि एकेक दुसऱ्या वाटीत टाकायला लावला, पहिल्या दिवशी तीन. पाऊल लटकायचं म्हणून रात्री पायाला स्प्लिंट, म्हणजे पाऊल सरळ धरून ठेवणारा आधार. केंद्र सरकारी नोकरीतल्या बाईला ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, माझी बहीण खाजगी कंपनीत, तिला बिनपगारी, तीही विनवण्या करून. आणि नेमकं तेव्हाच भेटायला येणारे संपले होते. तेव्हा कुणीतरी आठवड्यातून दोन दुपारी येऊन पोराशी शेंगदाण्यांचा खेळ खेळायला हवं होतं, म्हणजे बहीण तासभर झोपली असती.

शाळेचंही सांगतो, नाव लिहीत नाही. पोरगा वॉकर घेऊन परत गेला तर वर्ग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वर्ग खाली आणा म्हटलं तर उत्तर आलं की एका मुलासाठी टाइमटेबल बदलता येणार नाही. शिवाय हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही हे डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह लेखी देऊनही दोन पालकांनी आपली मुलं त्याच्या बाकावरून उठवली. महिनाभर माझा मेहुणा त्याला पाठुंगळी घेऊन वर नेत होता.

शेवटचं. लेखासोबत व्हीलचेअरवरच्या मुलाचा एवढा मोठा फोटो छापलाय, चेहरा स्पष्ट दिसतोय. ते मूल उद्या शाळेत जाणार आहे. पुढच्या वेळी छापण्याआधी त्याच्या आईवडिलांना आणि त्यालाही विचारा.

आपला नेहमीचा वाचक,
एक मामा, कर्वेनगर, पुणे