काकाजींच्या गोळ्यांचा खर्च

दारव्हा,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू बोलता बोलता सांगून गेलास की कापूस ओलाव्यामुळे परत आला, सोयाबीनचे पैसे कृषी केंद्राच्या उधारीत गेले आणि म्हणून काकाजींची रक्त पातळ करायची गोळी आता फक्त सकाळी देताय. बाजूला वहिनी होत्या, म्हणून तेव्हा मी काही बोललो नाही. पण असं फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखंही नाही ते, म्हणून लिहायला बसलो.

पहिली गोष्ट, लेका, संध्याकाळची गोळी आजपासून पुन्हा सुरू कर. राहिलेल्या गोळ्या भरून काढायला दोन दोन देऊ नको, नेहमीसारखी एकच. आणि मधे काही दिवस एकच दिली हे डॉक्टरांना फोन करून सांग. काकाजींच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यामुळे वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली की लकवा. त्यांची गोळी, म्हणजे एपिक्साबॅन, ती गुठळी धरू देत नाही, पण साधारण बारा तासांत तिचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. दोनदा लिहून दिलेली आहे ती याचसाठी. लकवा झाला तर नागपूरच्या आयसीयूचं बिल किती येतं हे तुला मी सांगायला नको, तुझ्या मोठ्या सासऱ्यांच्या वेळी आपण दोघंच काउंटरवर उभे होतो.

आता पैशांचं. आमच्या आईला हीच गोळी आहे आणि तिचंही महिन्याचं बिल चार आकड्यांत जायचं. आई दर महिन्याला म्हणे, "मले काय झालं बाप्पा एवढं, कायले एवढ्या महागाच्या गोळ्या!" ते बिल आता निम्म्याच्याही खाली आलं आहे, आणि गोळी एकही कमी केलेली नाही.

स्ट्रिप हातात घे आणि उलटी करून बघ. समोर मोठ्या रंगीत अक्षरांत ब्रँडचं नाव असतं. त्याच्या आसपास, चष्मा लावल्याशिवाय दिसत नाही अशा अक्षरांत, औषधाचं खरं नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेले असतात. काकाजींच्या शरीराला कामाचं ते बारीक अक्षर. या औषधाचं भारतातलं पेटंट सप्टेंबर २०२२ मध्ये संपलं. तोवर एकाच कंपनीची मक्तेदारी होती, आता आपल्याकडच्या कितीतरी कंपन्या तेच औषध बनवतात आणि एकाच ताकदीच्या गोळीच्या किमतीत ब्रँडप्रमाणे बेसुमार फरक आहे. रिव्हारोक्साबॅन या तशाच दुसऱ्या गोळीचंही तसंच, तिचं पेटंट २०२० च्या शेवटी संपलं.

मग मेडिकलवाला स्वस्तातली का देत नाही? कायद्याने त्याला चिठ्ठीवरचा ब्रँड आपल्या मनाने बदलता येत नाही. आणि खरं सांगायचं तर बदलण्यात त्याचा फायदाही नसतो. म्हणजे काम डॉक्टरांच्या टेबलावरच करून घ्यावं लागतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांना जेनेरिक, म्हणजे औषधाची खरी नावं लिहिण्याची सक्ती केली होती, ती त्याच महिन्यात स्थगितही झाली. तेव्हा सरकारच्या भरवशावर बसू नको, तोंडानं माग. आपण खेड्यातली माणसं डॉक्टरांसमोर खर्चाचं बोलायला लाजतो, ते म्हणतील ते हो हो करतो आणि बाहेर येऊन गोळ्या अर्ध्या करतो. मी सरळ म्हटलं, "साहेब, ही गोळी परवडत नाही, औषधाच्या नावानं लिहून द्या." त्यांनी एका मिनिटात लिहून दिलं. वर म्हणाले, आधी का नाही बोललात.

तशी चिठ्ठी मिळाली की जनऔषधी केंद्र. तुला आर्वीहून वर्ध्याला जावंच लागतं, तिथे बघ. जाण्याआधी मोबाईलवर 'जनऔषधी सुगम' अ‍ॅपमध्ये औषधाचं नाव टाक, किंमत आणि जवळचं केंद्र दोन्ही दिसतं. मात्र अ‍ॅपवर दिसलं म्हणजे दुकानात असेलच असं नाही. आधी फोन करून विचार, आणि एक महिन्याची गोळी हाताशी असतानाच पुढची आण. इकडे माल संपला की दहा-बारा दिवस "येणार आहे, येणार आहे" चालतं, आणि ही गोळी तेवढे दिवस थांबवता येत नाही. स्वस्त म्हणजे बनावट, असं तुमच्या गावात कोणी म्हणेलच. तिथला माल प्रत्येक बॅचची प्रयोगशाळेत तपासणी झाल्यावरच दुकानात येतो. आईचं तरी सगळं व्यवस्थित चालू आहे.

जनऔषधीत नसेल तर मेडिकलमध्येच दोन-तीन कंपन्यांचे भाव विचारून त्यातली एक डॉक्टरांकडून लिहून घे. बिलही वाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुन्या छापील किमतीचा माल असला तरी नवा दर लागायला हवा. आमच्याकडे एका दुकानदाराने "जुना स्टॉक आहे" म्हणून हात वर केले होते.

तू विचारलंस, ती जुनी स्वस्त गोळी, एसिट्रॉम, का नको? चालू शकते, पण ती तुझी-माझी बदलायची गोष्ट नाही. आमच्या मावसबहिणीच्या हृदयाला धातूची झडप आहे, तिला तीच घ्यावी लागते. एपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या अशा झडपेला चालतच नाहीत. एसिट्रॉम खरंच स्वस्त, पण आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं आहे तो आकडा, तपासत राहावं लागतं. ठोक्यांच्या आजारात तो साधारण २ ते ३ च्या मधे हवा. पावसाळ्यात तिच्या घरी रोज तरोटा, अंबाडी, चवळीची पालेभाजी, उन्हाळ्यात नुसतं बेसन आणि वड्यांची भाजी. तिचा आयएनआर त्याप्रमाणे खालीवर व्हायचा. शेवटी डॉक्टर म्हणाले, पालेभाजी खा, पण बारा महिने सारखी खा. आता ते खेड्यात कसं जमायचं तूच सांग. शिवाय प्रत्येक तपासणीला एक मजुरी बुडते. काकाजींना पंचाहत्तर उलटल्यामुळे एसटी फुकट आहे, तुझं तिकीट मात्र लागेलच. सरकारी आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, तेव्हा जिल्हा रुग्णालयात आयएनआर होतो का आणि ही गोळी मिळते का, हे दोन्ही विचारून ठेव. हा सगळा हिशेब मांडून मगच डॉक्टरांशी गोळी बदलण्याचं बोल. माझं विचारशील तर काकाजींसाठी मी नवीच गोळी ठेवीन, फक्त स्वस्त कंपनीची.

आणखी एक डॉक्टरांना विचार: काकाजींचं वजन आणि किडनीचा रिपोर्ट बघून डोस बरोबर आहे ना. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलोच्या आत, किडनीच्या रिपोर्टातलं क्रिएटिनिन वाढलेलं, यातल्या दोन गोष्टी असल्या तर एपिक्साबॅन कमी ताकदीची देतात. काकाजी वजनाने किती, पन्नास-बावन्न? ठरवतील डॉक्टरच, पण आठवण तू करून दे.

आणि गुडघे दुखले की किराणा दुकानातून डायक्लोफेनॅकची गोळी आणतात ना ते? ती बंद. या दोन्ही पोटात गेल्या तर रक्तस्राव व्हायची भीती असते. संडास काळी झाली, हिरड्यांतून रक्त आलं, लघवी लाल झाली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी पुलगावला येतोय, जिनिंगचं काम आहे. काकाजींची रिकामी स्ट्रिप, जुनी चिठ्ठी आणि मागच्या महिन्याचं बिल घेऊन ये. या महिन्याच्या गोळ्या कमी पडत असतील तर तेही तेव्हाच सांग, उगाच संकोच करू नको. कापूस विकला की दे.

काकाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधाकर