ओल्या अंगावर रडार पट्टा फसतो

महोदय,
सिंहस्थात स्वयंसेवकांच्या हृदयावर नजर ठेवायला छातीवर बांधायचा रडार पट्टा कोणी सुचवलाच, तर आधी रामकुंडावर, ओल्या कपड्यांत त्याची चाचणी घ्यावी. कोरड्या सुती सदऱ्यातून रडारच्या २४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सहज आरपार जातात. पाणी मात्र त्या शोषतं आणि परतवतंही. जरीचा काठ आड आला तरी तीच गत.

मुळात परतलेल्या लहरींवरून छातीची हालचाल ओळखायची, तो संकेतच नाजूक. श्वासाने छाती काही मिलिमीटर हलते, ठोक्याने जेमतेम अर्धा. मिनिटाला १८ श्वास असले की त्यांची चौपट ७२ होते आणि यंत्र तिलाच नाडी समजून बसतं! आकडा श्वासाच्या नेमक्या पटीत दिसला, तर निरोगी माणसाने पाच-दहा सेकंद श्वास रोखून पाहावा. खरी नाडी दिसतच राहते. पट्टा सैल असेल तर घाटाच्या पायऱ्या चढताना अँटेनाच हिंदकळतो, मग सॉफ्टवेअर कितीही भारी असो. चालताना फक्त हालचाल नोंदवावी. नाडी बसून, ३० सेकंद स्थिर राहून. छातीत दुखत असेल तर ईसीजीच काढावा. रडारला छातीची थरथर कळते, हृदयातली विद्युत गडबड नाही.

– एक वाचक, नाशिक