नारायणगावच्या पुढचा स्टॉप

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात नाही. "काका, कुठं लिहिलंत तर माझं नाव नको, अजून परीक्षा व्हायचीय," असं तुम्ही म्हणाला होतात. परीक्षा आता झाली, तुम्ही पास झालात, वॉर्डबॉय मामांनी फोन करून पेढे मागितले. पण शब्द दिला तो दिला. हॉस्पिटलचंही नाव लिहीत नाही. मुंबईतलं पालिकेचं, मेडिकल कॉलेजला जोडलेलं मोठं हॉस्पिटल, एवढं पुरे.

आधी माफी मागतो, मग आभार.

भरती झालो त्या संध्याकाळी तुम्ही संमतीचा कागद आणि पेन घेऊन उभ्या होतात. मी तुमच्या तोंडावर म्हणालो, "मोठे सर करणार असतील तर सही करतो. शिकाऊ डॉक्टर माझ्या डोक्याला हात लावणार असतील तर नको." तुम्ही रागावला नाहीत. "सरच करणार काका. पण आम्ही असणारच," एवढंच बोललात. मी सही केली, तीही हात थरथरत. उजव्या हातानं लिहिणं तेव्हा जमतच नव्हतं धड.

मी असं का बोललो तेही सांगतो. राजगुरूनगरच्या पुढं चालत्या गाडीत तिकिटं फाडताना माझा उजवा हात आपोआप उडायला लागला आणि तोंडातून शब्द फुटेना. पॅसेंजरांना वाटलं, कंडक्टर प्यायलाय. त्यानंतर एका ठिकाणी सांगितलं, ताण आहे, आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. दोन महिने त्यात गेले. दुसऱ्यांदा फीट आली तेव्हा एमआरआय झाला, तर मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात गाठ. एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मला फक्त मोठं नाव, पांढरे केस हवे होते.

वास्तविक मला हे कळायला हवं होतं. एसटीत अठ्ठावीस वर्षं वाहक म्हणून काढलीत. नवा ड्रायव्हर आला की पहिल्याच दिवशी त्याच्या हातात चंदनापुरीचा घाट देतात का कुणी? आधी डेपोच्या आवारात फिरवतात, मग सपाटीवर, मग शेजारी जुना ड्रायव्हर बसवून घाटात. शेजारचा एका शब्दानं बोलत नाही, पण त्याची नजर नव्याच्या पायावर असते. तुमच्या वॉर्डात तीन आठवडे पडून मी हेच पाहत होतो, फक्त गाडीच्या जागी माणसाचं डोकं.

कंडक्टरला हिशेबाची खोड. एका रात्री तुम्ही टॉर्चनं डोळ्यांच्या बाहुल्या तपासायला आलात तेव्हा मी विचारलं, बारावीनंतर किती वर्षं झाली? तुम्ही बोटं मोजलीत. एमबीबीएसची साडेचार, त्यावर इंटर्नशिपचं एक. जनरल सर्जरीच्या एमएसची तीन. न्यूरोसर्जरीच्या एमसीएचची आणखी तीन. दर नाक्यावर प्रवेश परीक्षेची चाळणी. साडेअकरा वर्षं, तीही कुठं नापास न होता, कुठं न थांबता. काही ठिकाणी एमबीबीएसनंतर सलग सहा वर्षांची थेट गाडीही असते म्हणालात, पण तुमची गाडी बदलून आलेली. आमच्या पुतण्याचं एवढ्या काळात लग्न होऊन दोन मुलं शाळेत गेली.

आणि ती अंडी! अंड्यांचा ट्रे घेऊन तुम्ही जिन्यानं वर जाताना दिसायचात. मला वाटायचं, होस्टेलची मेस वाईट असणार. मामा म्हणाले, "मॅडम आम्लेट करत नाहीत हो, भोकं पाडतात." मग तुम्हीच समजावलंत. कवटीला ड्रिल करताना खाली मेंदूवरचं आवरण असतं, ते फाटता कामा नये. म्हणून कच्च्या अंड्याचं कवच ड्रिलनं घासत न्यायचं आणि आतलं पातळ पापुद्र्यासारखं आवरण शाबूत ठेवायचं. बलक बाहेर आला की पेशंट गेला. तसंच कोंबडीचे पंख. त्यातली रक्तवाहिनी साधारण मिलिमीटरभर जाडीची. मायक्रोस्कोपखाली ती कापून, केसाहूनही बारीक दोऱ्यानं परत शिवायची. ड्युटी संपल्यावर, रात्री. चिकनवाला तुम्हाला "फक्त पंखवाल्या मॅडम" म्हणतो, हेही मामांनीच सांगितलं.

माझ्या समोरच्या खाटेवर ते जुन्नरकडचे आजोबा होते, आठवतात? महिन्याभरापूर्वी ओसरीवरून पडलेले. नंतर बरळायला लागले, मुलाला ओळखेनात. डोक्यात रक्त साठून मेंदू दबला होता. तुमच्या हाताखालच्या पहिल्या वर्षाच्या शिकाऊ मुलानं कवटीला दोन छिद्रं पाडून ते काढलं, मागं तुम्ही हाताची घडी घालून उभ्या. दुसऱ्या दिवशी आजोबा चहात साखर कमी म्हणून भांडत होते. आधी अशी छिद्रं, मग डोक्यातलं पाणी पोटात सोडायची नळी, मग मोठ्या ऑपरेशनचं नुसतं उघडणं आणि बंद करणं, आणि किती तरी दिवसांनी मधलं काम. हा क्रम मला त्या मुलानंच सांगितला. त्याच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिला पगार झाल्यासारखी कळा होती.

त्या आधी मला वाटायचं, मेंदूचा डॉक्टर म्हणजे मेंदूचा डॉक्टर. तिथं कळलं, डेपोत जसे वेगवेगळ्या मार्गांचे जाणकार, तसंच इथं. एक मॅडम फक्त लहान मुलांचं बघायच्या; त्यांच्याकडं आठ महिन्यांचं एक बाळ होतं, डोक्यात पाणी साचून कपाळ पुढं आलेलं. एका सरांचा हात रक्तवाहिन्यांवर. एक जण कंप सुटणाऱ्यांच्या मेंदूत बारीक तार बसवतात. एका बाईंची गाठ तर नाकातून दुर्बीण घालून काढली, डोक्यावर एक टाका नाही. त्या वॉर्डभर मिरवत होत्या. आणि मानेचे एक पेशंट कोकणातले, पहिला आणि दुसरा मणका एकमेकांवरून सरकलेला. त्यांना तुम्ही सांगत होतात, की हे दोन मणके स्क्रू आणि पट्टीनं जखडायची जी पद्धत आज जगभर वापरतात, तिला ज्यांचं नाव आहे ते डॉ. अतुल गोयल तेव्हा परळच्या केईएमचे, आणि त्यांनी ती १९९४ मध्ये छापून जगापुढं मांडली. ते काका लगेच म्हणाले, "म्हंजे ह्यां आमच्या मुंबयचाच." निम्मं दुखणं तिथंच पळालं त्यांचं.

माझ्या बाबतीत अडचण वेगळी होती. गाठ बोलण्याच्या जागेला खेटून. म्हणून जागं ठेवून ऑपरेशन. हे ऐकल्यावर आमची मंडळी खुर्चीतच बसून राहिली. आदल्या रात्री मला झोप नव्हती आणि तुमची रात्रपाळी होती. पहाटे कधी तरी तुम्ही खाटेशेजारी स्टूल ओढून बसलात. मेंदूला स्वतःला दुखत नाही, दुखतं ते कातडीला आणि वरच्या आवरणाला, तेवढं बधिर केलं की झालं, असं सांगितलंत. कॅनडातल्या माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांचं सांगितलंत. त्यांनी फीट येणाऱ्या लोकांना जागं ठेवून, मेंदूला हलकी वीज लावून, कुठून हात हलतो, कुठं बोलणं अडतं याचा नकाशा काढला, १९३४ मध्ये त्यासाठी संस्था उभी केली. तिथं शिकलेले जेकब चँडी वेल्लोरला आले आणि १९४९ मध्ये ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू झाला. मी म्हणालो, आमची एसटीची पहिली गाडी पुणे ते नगर, १ जून १९४८. म्हणजे तुमच्याहून आम्ही वर्षभर सीनियर. तुम्ही मोठ्यानं हसलात आणि सिस्टर ओरडल्या.

मग तुम्ही हेही बोलून गेलात, की पेनफिल्डनी १९२८ मध्ये स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या मेंदूतली गाठ काढायचा प्रयत्न केला होता. मी विचारलं, पुढं बहिणीचं काय झालं? तुम्ही जरा गप्प झालात. मग म्हणालात, "गेली काका, काही वर्षांत. पण ते १९२८ साल होतं." खोटं बोलला असतात तरी मला कळलं नसतं. त्या उत्तरानंतर मी दोन तास झोपलो.

ऑपरेशनच्या दिवसाचं लोकांना सांगतो तेव्हा त्यांना थाप वाटते. डोकं शिकंजात घट्ट, मान हलवायची सोय नाही. ड्रिलचा आवाज खडी फोडायच्या मशीनसारखा, पण तेव्हा मी अर्धवट गुंगीत होतो. जाग आली तेव्हा डोळ्यांसमोर हिरव्या कापडाचा तंबू आणि त्या तंबूत स्टुलावर तुम्ही. मास्कवर फक्त डोळे. मांडीवर कार्डं. परदेशी कार्डांत प्रेट्झेल नावाचं काही तरी होतं, ते तुम्ही काढून टाकलं होतंत आणि स्वतः चित्रं जमवली होतीत. सूप, उखळ, कुलूप, अडकित्ता. चित्र दिसलं की पूर्ण म्हणायचं: हे सूप, ही कात्री, हा कंगवा. हा, ही, हे चुकलं तरी तुम्ही टिपून घेणार होतात. पलीकडून सर वीज लावत, मिलिअँपिअरचे आकडे ऐकू येत, आणि तुम्ही सांगायचात, "बरोबर. बरोबर. पुढं."

मग तुम्ही म्हणालात, "काका, आता तुमची गाडी काढा. पुणे-नाशिक, सगळे स्टॉप." हे कुठल्या पुस्तकात नसणार. बाकीच्यांना आकडे मोजायला सांगतात म्हणे. मी सुरू केलं. शिवाजीनगर, नाशिक फाटा, भोसरी, चाकण, राजगुरूनगर, मंचर, नारायणगाव...

आणि संपलं. पुढचा स्टॉप मला माहीत होता. डोळ्यांपुढं तिथला चौक, उसाच्या रसाची गाडी, सगळं दिसत होतं. पण जीभच नव्हती तोंडात. गाडीत कुणी तरी एक बेल मारावी आणि गाडी जागच्या जागी उभी राहावी, तसं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "बोलणं थांबलं." सरांनी वीज काढली आणि तोंडातून एकदम "आळेफाटा" बाहेर पडलं, गाडीत ओरडतो तसं. सगळं थिएटर हसलं. तिथं एक आकडा लिहिलेली बारीक चिठ्ठी ठेवली गेली. खात्रीसाठी त्या जागेवर ते पुन्हा पुन्हा फिरून आले. दुसऱ्या एका जागी अडकित्त्याचं चित्र होतं; मी "हा... हा..." करत राहिलो, बोटांनी सुपारी कातरून दाखवली, पण नाव येईना. तिथं दुसरी चिठ्ठी. मध्येच उजवी बोटं उडायला लागली तेव्हा मेंदूवर गार पाणी ओतलं आणि ती थांबली. मला गारवा लागलाही नाही.

त्या दोन चिठ्ठ्यांपाशी सरांनी हात आखडता घेतला. गाठीचा थोडा भाग तिथंच राहिला. जाणूनबुजून. त्यांनी मला नंतर सरळ सांगितलं, आणखी काढता आलं असतं, पण मग तुम्ही स्टॉप कसे सांगणार?

टाके काढायच्या वेळी तुमच्या ज्युनियरनं जे सांगितलं, त्यासाठी खरं तर हे पत्र. त्या दिवशी टेबलाशी उभं राहून असिस्ट करायची पाळी तुमची होती. अशा केस वर्षात बोटांवर मोजण्याइतक्या. शेवटच्या वर्षाच्या डॉक्टरला सरांच्या हाताखाली ते बघायला मिळणं म्हणजे काय, हे साडेअकरा वर्षांचा हिशेब केल्यावर मलाही कळतं. ते सोडून तुम्ही कापडाच्या माझ्या बाजूला येऊन बसलात, कारण भूल देणाऱ्या मॅडम केरळच्या, ज्युनियर राजस्थानचा, आणि तुम्ही म्हणालात, "काकांचं मराठी कुठं अडखळलं हे मला जेवढं कळेल तेवढं इथं कुणाला कळणार नाही." तीन तास तुम्हाला माझ्या मेंदूतलं काही दिसलं नाही. दिसलं फक्त माझं तोंड.

आणि कवटी बंद करून टाके कुणी घातले? त्याच ज्युनियरनं. शिकाऊनं. आमचा न्हावी भांग पाडताना विचारतो, शिवण कुठंय?

पुढचे दहा-बारा दिवस शब्द अडखळत आले, तुम्ही आधीच बजावलं होतंत तसे. मग मोकळे झाले. रिपोर्टमध्ये ऑलिगोडेंड्रोग्लिओमा, ग्रेड २ आलं, म्हणजे मेंदूतली हळू वाढणारी गाठ, पेनफिल्डच्या त्या बहिणीच्या जातीचीच, पण तुम्ही म्हणालात ते लक्षात आहे: ते १९२८ साल होतं. फिटच्या गोळ्या चालू आहेत, सहा महिन्यांनी एमआरआय असतो. धावत्या गाडीवरची ड्युटी बंद झाली. आता स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसतो आणि माईकवर गाड्या सांगतो.

भूलवाल्या मॅडमना, सिस्टरना आणि मामांना माझा नमस्कार सांगा. तुमचा बॉन्ड, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी नोकरी, कुठं पडला ते कळवा. नाशिककडं पडला तर गाडीत जागा धरून ठेवीन, आमची मंडळी भाकरी-पिठलं बांधून देणार आहेत.

पुणे-नाशिक फलाटाला लागली की मी सगळे स्टॉप घोषित करतो, नियमात नसलं तरी. नारायणगावला पोचलो की क्षणभर थांबतो. नवीन पोरगं शेजारी बसतं, त्याला वाटतं माईक गेला, ते वायर हलवायला लागतं.

आपला,
डाव्या रांगेतल्या सात नंबर खाटेवरचा कंडक्टर