"देशाला एक हिटलरच पाहिजे" म्हणणाऱ्यांनी हा सिनेमा बघावा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

"देशाला एक हिटलरच पाहिजे" हे आपल्याकडं किती सहज बोललं जातं बघा, टपरीवर, एसटीत, लग्नाच्या मांडवात. बसस्टँडवरच्या पुस्तकाच्या स्टॉलवर तर त्याचं आत्मचरित्र यशस्वी कसं व्हावं शिकवणाऱ्या पुस्तकांच्या रांगेत मांडलेलं असतंय. मागच्या आठवड्यात आम्ही काही शिक्षक अन् बीएची पोरं-पोरी मिळून अंबाजोगाईत प्रोजेक्टर लावून 'शिंडलर्स लिस्ट' बघितला, १९९३ चा, स्पीलबर्गचा, तीन तासांच्या वरचा, अन् तेव्हापासून ते वाक्य कानावर पडलं की मला सहन होईना म्हणून लिहायलोय.

गोळीबार, रक्त सगळं आहे त्यात. पण माझ्या काळजाला लागलं ते स्टेशनवरचं. हिटलरची माणसं ज्यू लोकांना सांगतेत की सामान इथंच ठेवा, त्यावर नाव नीट घाला, मागून येईल. लोक बिचारे विश्वास ठेवतेत, गाडी सुटते, अन् इकडं त्याच बॅगा उघडून ओतायलेत, कपडे एकीकडं, फोटो एकीकडं, दागिने एकीकडं अन् एका सोनाराच्या पुढ्यात दात येऊन पडतेत, माणसांचे, सोनं बसवलेले. लातूरला शिकायला चाललेल्या लेकराच्या पेटीवर आपण पेंटनं नाव-गाव घालतो, तशीच ती नावं होती हो. अन् हे काही सिनेमापुरतं नाही, पोलंडमधल्या ऑशविट्झला, जिथं हिटलरची मोठी मृत्यूछावणी होती, तिथल्या म्युझियममध्ये अशा नावं घातलेल्या बॅगा आजही ठेवलेल्या आहेत.

सिनेमा संपला तरी कोणीच उठंना. एका पोरीनं विचारलं, सर, ह्यांचा गुन्हा काय होता? काय सांगणार, काहीच नव्हता. १९३३ ला हिटलर सत्तेवर आला, १९३५ ला कायदा करून ज्यूंचं नागरिकत्व काढलं, मग धंदे गेले, शाळा गेल्या, मग वेगळ्या वस्त्यांत कोंडलं अन् शेवटी विषारी गॅस सोडून मारलं. ६० लाख ज्यू मारले, त्यात लहान लेकरंसुद्धा. एकट्या ऑशविट्झमध्ये ११ लाखाच्या आसपास माणसं. आपण ज्या शिस्तीचं कौतुक करतो ना ती हीच, याद्या टाईप करणारे कारकून, गाड्यांचं टाईमटेबल, सगळं अगदी नीटनेटकं. अन् ज्या शिंडलरनं, म्हणजे सिनेमातल्या त्या जर्मन कारखानदारानं, हजारावर माणसं वाचवली तोसुद्धा हिटलरच्या नाझी पक्षाचाच मेंबर होता, म्हणजे ठरवलं तर करता येत होतं, बाकीच्यांनी केलं नाही.

कोणी म्हणतंय ते लांब युरोपातलं, आपल्याला काय त्याचं. आपल्या कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे ज्यू पिढ्यानपिढ्या मराठी बोलत राहिले, इथं कोणी त्यांना हात लावला नाही. अन् मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडून रझाकाराच्या काळातल्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या, रातोरात घरदार सोडून पळणं म्हणजे काय हे त्यांना मी कशाला सांगू.

२७ जानेवारीला, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, जगभर ह्या लोकांची आठवण काढतेत, १९४५ ला त्याच तारखेला ऑशविट्झ मुक्त झालं. त्या दिवशी आपल्या भागातल्या कॉलेजांनी हा सिनेमा दाखवावा अशी कळकळीची विनंती आहे. लहान लेकरांना नको, त्यांना झेपायचा नाही, पण अकरावीच्या पुढं नक्की दाखवा, अन् नुसता दाखवून पोरांना घरी पाठवू नका, नंतर तासभर बोलू द्या त्यांना, आमच्या इथली पोरं लई बोलली. प्रोजेक्टर नसंल तर आमचा घेऊन जा, भाडं नको.

आपला,
एक शिक्षक, अंबाजोगाई (जि. बीड)