दारू सोडल्यावर डोंगर चढताना

संपादक महोदय,
दारू सोडणाऱ्यांना डोंगरभटकंतीचा मोठा आधार होतो. पण अनेकांची सुरुवातच चुकते. दारू बंद केल्यावर पहिले काही दिवस थरथर, झटके यांचा धोका असतो. तेव्हा चढाई नकोच; आधी डॉक्टरांची परवानगी घ्यावी. मग पर्वतीच्या १०३ पायऱ्या, त्या दम न लागता जमल्या की सिंहगड. १,६४६ मीटरचे कळसूबाई पुष्कळ नंतर.

दीर्घकाळच्या दारूने अनेकांच्या पायांच्या नसा बधिर झालेल्या असतात. तोल जातो तो बहुधा उतरताना, म्हणून काठी आणि चांगल्या पकडीचे बूट हवेतच. सोबत दोन लिटर पाणी, राजगिऱ्याचे लाडू.

खरा कडा परतीच्या वाटेवर असतो: भुकेले, दमलेले शरीर आणि ढाब्यावर ‘बसू या’ म्हणणारे सोबती! त्यांना टाळावे, पहाटे निघून जेवायला घरी यावे.

– एक वाचक, पुणे